चोवीस व्होल्टचा दिवा

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. खास कारण नाही, आळस. पण गेल्या महिन्यात डोंबिवलीच्या घराचा माळा आवरायला काढला आणि तिथे एक वस्तू सापडली. तेव्हापासून ती डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिखाण. थोडं लांबणार आहे, आधीच सांगतो.

वस्तू म्हणजे एक हँडलॅम्प. ओतीव ॲल्युमिनियमचं जाडजूड बूड, त्यावर बोटभर जाडीची घुमटासारखी काच, काचेभोवती तारांचा पिंजरा, खाली रबरी मूठ. हातात घेतला की मनगट खाली जातं इतका जड. काचेला कडेपासून वर गेलेला एक तडा. आमचे अण्णा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका केमिकल कंपनीत वायरमन होते, पुढे इलेक्ट्रिकल फोरमन झाले, तेव्हा घरात अशा वस्तू असणं नवीन नाही. पण हा दिवा कधी लावलेला मी पाहिला नव्हता. दिव्यासोबत पिशवीत कंपनीच्या भंगाराची पावतीही निघाली. म्हणजे त्यांनी पैसे भरून तो विकत आणला होता! आई म्हणाली, "दे आता भंगारवाल्याला, ते होते तोवर हात लावू देत नव्हते कुणाला."

मी दिवा पुसला. बुडावर एक पितळी पट्टी रिव्हेट केलेली होती. त्यावर 'फ्लेमप्रूफ', मग आयएस २१४८ हा मानकाचा क्रमांक, गॅस ग्रुप, आणि दाखल्याच्या क्रमांकापुढे अक्षरं : सीएमआरएस, धनबाद. शेवटी ताकीद, की वीज बंद केल्याशिवाय उघडू नये.

आता ठाण्याच्या केमिकल कंपनीतल्या दिव्याला धनबादचा दाखला कशाला? याचं उत्तर मला नोकरीमुळे माहीत होतं (मीही त्याच धंद्यातला, फक्त टेबलाच्या अलीकडचा), पण कधी नीट विचार केला नव्हता. सीएमआरएस म्हणजे सेंट्रल मायनिंग रिसर्च स्टेशन. १९५६ साली धनबादला सुरू झालेली सरकारी संशोधन संस्था, आता तिचं नाव सिंफर. कोळशाच्या खाणींसाठी काढलेली. आपल्याकडे पेट्रोलियम आणि केमिकलवाल्यांना स्फोटक वायूत चालणारं इलेक्ट्रिकल सामान लागायला लागलं, तेव्हा ते तपासायची भट्टी आणि अक्कल दोन्ही खाणवाल्यांकडे होती. आधी धनबादला चाचणी, मग पेट्रोलियमच्या जागी वापरायचं तर नागपूरच्या स्फोटक विभागाची मंजुरी. (हो, आपलं नागपूर. त्या विभागाला आता 'पेसो' म्हणतात.) जगभर हेच झालं. ही सगळी विद्या खाणीतून वर आलेली आहे.

आणि खाणीत ती आली दिव्यापायी. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. धोक्याच्या जागी जाणारं पहिलं फिरतं उपकरण म्हणजे माणसाच्या हातातला दिवा. यंत्रं नंतर गेली. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलजवळ फेलिंग नावाची खाण होती. २५ मे १८१२ रोजी तिथे मिथेनचा स्फोट होऊन ९२ माणसं आणि पोरं मेली. (पोरं म्हणजे खरोखर पोरं, आठ-दहा वर्षांची.) त्यातून ओरड झाली आणि १८१५ मध्ये हंफ्री डेव्हीने ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी लावलेला दिवा दाखवला. वायू जाळीतून आत येतो, आत पेटतो, पण ज्वाळा बाहेर निघताना जाळीचं धातू तिची उष्णता खाऊन टाकतं आणि ती विझते. याच सुमारास जॉर्ज स्टीफन्सन, तोच रेल्वेवाला, त्याने स्वतंत्रपणे वेगळा दिवा बनवला होता, आणि पहिला कोण यावरून दोघांच्या बाजूने यथेच्छ भांडणं झाली. असो. शाळेत आपण एवढंच शिकतो. पुढचं शिकवत नाहीत. डेव्हीचा दिवा आल्यावर त्या भागातले स्फोटाचे मृत्यू कमी झाले नाहीत. कारण सुरक्षित दिवा हातात आला म्हटल्यावर मालकांनी वायूमुळे सोडून दिलेले जुने भाग पुन्हा उघडले आणि माणसं तिथे पाठवली. जाळी फाटलेली असायची, जोराच्या वाऱ्यात ज्वाळा जाळीबाहेर पडायची. दिव्याचं नाव 'सुरक्षित' होतं, त्यामुळे कुणी फार बघायचं नाही.

पुढे खाणीत वीज आली. जर्मनीत गेल्सेनकिर्शनला बायलिंग नावाच्या खाण-अधिकाऱ्याने १९०३ ते १९०६ या काळात मोटारी आणि स्विच पेट्यांमध्ये घालून, आत मुद्दाम वायू पेटवून पाहिला. त्यातून आजची फ्लेमप्रूफ पेटी जन्मली. अनेकांना वाटतं की फ्लेमप्रूफ म्हणजे आत हवा शिरत नाही. उलट आहे. वायू आत शिरणार हे धरूनच चालतात. आत स्फोट होऊ द्यायचा, पेटी फुटू नये इतकी जाड ठेवायची, आणि झाकण-बुडाच्या जोडामधली फट इतकी अरुंद आणि लांब ठेवायची की बाहेर येणारी ज्वाळा वाटेतच थंड व्हावी. मिथेनची ज्वाळा साधारण १.१४ मिलिमीटरच्या फटीपर्यंत अडते, हायड्रोजनची मात्र ०.२९ लाच अडवावी लागते. डेव्हीच्या जाळीचंच हे मोठं भावंड. म्हणून अण्णा अशा पेटीचा एकही बोल्ट ढिला दिसला की भडकायचे. अशा पेटीतला एक बोल्ट कमी म्हणजे ती साधी पेटी, उगाच जड.

इथपर्यंत ठीक. आता सेंगहेनिड.

साउथ वेल्समधलं हे गाव. १९०१ मध्ये तिथल्या खाणीत एक स्फोट होऊन ८१ माणसं गेली होती. १४ ऑक्टोबर १९१३ ला सकाळी आठच्या सुमाराला दुसरा झाला. ४३९ कामगार मेले, शिवाय बचावासाठी उतरलेला एक. ब्रिटनच्या इतिहासातला हा सगळ्यात मोठा खाण-अपघात. चौकशी झाली. नेमकं कारण शंभर टक्के सिद्ध झालं नाही, पण सगळ्यात जास्त संशय गेला तो घंटेवर. खाणीत डबे ओढणाऱ्या दोरखंडाच्या मशीनवाल्याला इशारा द्यायला बॅटरीवर चालणारी घंटा असायची. बोगद्याच्या बाजूने दोन उघड्या तारा, आणि कामगाराने जिथे असेल तिथून चाकू नाहीतर कानस दोन तारांवर टेकवायची की घंटा वाजायची. उघड्या तारा! वायूच्या खाणीत! आज वाचून अंगावर काटा येतो, पण तेव्हाच्या लोकांचा हिशोब सरळ होता. बॅटरीची वीज ती केवढी, हात लावला तर शॉकसुद्धा बसत नाही, तिला काय भ्यायचं?

या अपघातात मॅनेजरला २४ पौंड दंड झाला आणि कंपनीला १० पौंड. ४४० माणसं. करा भागाकार.

पुढे व्हीलर आणि थॉर्नटन या दोन प्राध्यापकांनी अशा घंटांच्या ठिणग्यांवर पद्धतशीर प्रयोग केले. त्यांना दिसलं की नुसत्या व्होल्टेजकडे बघून काही कळत नाही. घंटेत तारेचं वेटोळं असतं, वीज वाहताना त्यात ऊर्जा साठते, आणि तार उचलली की ती सगळी ऊर्जा त्या एका ठिणगीत ओतली जाते. शॉक न देणारी ठिणगी वायू आरामात पेटवते. मिथेन पेटवायला सुमारे ०.२८ मिलिज्यूल पुरतात. इतकी ऊर्जा म्हणजे टाचणी हातातून टेबलावर पडावी, साधारण एवढीच. या प्रयोगांतून नवी विद्या निघाली, सर्किटमधली ऊर्जाच इतकी कमी ठेवायची की ठिणगी उडाली तरी ती पेटवू शकत नाही. इंग्रजीत तिला इंट्रिन्सिकली सेफ म्हणतात, आपल्या प्लांटमध्ये नुसतं 'आय-एस'.

शॉकपासून सुरक्षित आणि आगीपासून सुरक्षित या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९१३ मध्ये ४४० माणसं देऊन हे कळलं.

आता अण्णांची टाकी.

ही गोष्ट अण्णांनी मला एकदाच सांगितली, १९९६ मध्ये, माझ्या पहिल्या नोकरीच्या आदल्या रात्री. जेवण झाल्यावर गॅलरीत बसलो होतो. सांगताना माझ्याकडे बघत नव्हते.

१९८४ चा मे महिना, शटडाऊन. सॉल्व्हंटची एक दहा हजार लिटरची टाकी साफ करायची होती. टोल्युइनची. रिकामी केली, पाणी मारलं, ब्लोअर लावला, सकाळी मीटर घालून बघितलं, वायू नाही. परमिट झालं. मॅनहोलमधून एक हेल्पर आत उतरला, तळाचा गाळ खरवडायला. त्याला लोखंडी नव्हे, पितळेचं खोरं दिलं होतं, ठिणगी नको म्हणून. इतकी काळजी.

टाकीत अंधार. स्टोअरमध्ये एकच फ्लेमप्रूफ हँडलॅम्प होता, त्याच्या काचेला आदल्या दिवशी तडा गेलेला दिसला. तडा गेलेली काच म्हणजे दिवा बाद. अण्णांनीच त्याला लाल चिठ्ठी बांधून बाजूला ठेवला. नवीन काच मागवली होती, आली नव्हती. बाहेर शटडाऊनचे तास मोजले जात होते. मग साधा हँडलॅम्प काढला. होल्डर, बल्ब, बाहेरून तारेचा पिंजरा, काच नाही. पण ट्रान्सफॉर्मरवर चालणारा, चोवीस व्होल्टचा. "चोवीसचा आहे, काही होत नाही," असं सगळेच म्हणाले. अण्णाही म्हणाले. त्यांनीच तो स्टोअरमधून सही करून दिला.

खरं सांगायचं तर यात अज्ञान नव्हतं, कायदाच अर्धा आठवत होता. १९४८ च्या कारखाने कायद्यात १९७६ मध्ये ३६-अ हे कलम घातलं गेलं. त्यात दोन गोष्टी होत्या. टाकी, खड्डा, धुराडं अशा बंद जागेत चोवीस व्होल्टच्या वरचा हातदिवा नको, पुरेशी सुरक्षा-साधनं असली तरच. आणि ज्वालाग्राही वायू किंवा वाफ असण्याची शक्यता असेल तर फ्लेमप्रूफ बनावटीशिवाय दुसरा दिवा चालणार नाही. पहिली गोष्ट शॉकसाठी, कारण लोखंडी टाकीत घामाने भिजलेल्या माणसाला २३० व्होल्ट म्हणजे मरणच. दुसरी आगीसाठी. पण शॉप फ्लोअरवर पाठ झाला होता तो आकडा. आकडे पाठ होतात, वाक्यं होत नाहीत.

आणि टाकी तर साफ होती ना? मीटरने सांगितलं होतं ना? हो, सकाळी. पण गाळाच्या पोटात सॉल्व्हंट धरून बसलेलं असतं. वरचा पापुद्रा निघेपर्यंत त्याची वाफ बाहेर येत नाही. हेल्पर खरवडत गेला तसं ते मोकळं होत गेलं. मी नंतर एकदा हिशोब करून बघितला. एक लिटर टोल्युइनची वाफ होते सुमारे २३० लिटर. हवेत सव्वा टक्क्याच्या आसपास वाफ झाली की मिश्रण पेटू शकतं. म्हणजे दहा हजार लिटरची अख्खी टाकी पेटण्याजोगी करायला जेमतेम अर्धा लिटर पुरतो. तोही नीट मिसळला तर. खरं तर ही वाफ हवेच्या तिपटीहून जड, ती वर जातच नाही, तळाशी साचते. उकिडव्या बसलेल्या माणसाच्या छातीपर्यंत. टोल्युइन ४ अंश तापमानालाही पेटण्याइतकी वाफ सोडतं, आणि ठाण्यातला मे महिना आपल्याला माहीत आहे.

दिवा शिडीच्या पायरीला अडकवला होता. वायर ओढली गेली, दिवा खाली आपटला, बल्ब फुटला. बल्बची तार २,५०० अंशांच्या आसपास तापलेली असते, चोवीस व्होल्टचा असो की २३० चा.

एकच भपकारा झाला. मॅनहोलपाशी उभ्या माणसाने दोर ओढून हेल्परला बाहेर काढलं. वाचला. चेहरा आणि दोन्ही हात भाजले, उजव्या हाताची बोटं पुढे नीट मिटली नाहीत. चौकशीच्या कागदावर आलं की कामगाराच्या निष्काळजीपणामुळे दिवा पडला, दिवा नियमाप्रमाणे चोवीस व्होल्टचा होता. त्यावर अण्णांचीही सही होती. काच आठ दिवसांनी आली. दिव्याला बसवली नाही कुणी, नवीनच दोन दिवे घेतले, आणि जुना पुढे भंगारात निघाला.

तडा गेलेला दिवा बाद करणं बरोबरच होतं, यात अण्णांची चूक नव्हती. पण त्याच्या जागी जे गेलं ते त्या तडकलेल्या दिव्याहून कितीतरी वाईट होतं, आणि त्याला कुणी तपासलं नाही, कारण ते दहा मिनिटांपुरतं होतं. मला या साऱ्या इतिहासात हेच परत परत दिसतं. प्लांटमध्ये कायमच्या बसवलेल्या प्रत्येक दिव्याला, मोटारीला पट्टी असते, दाखला असतो, नकाशावर झोन आखलेला असतो, वर्षातून एकदा कुणीतरी फीलर गेज घालून फट मोजतो. आणि देखभालीच्या वेळी, नेमकी झाकणं उघडी आणि पाइप सुटलेले असताना, मागच्या दाराने एक्स्टेन्शन बोर्ड येतो. एरवी सॉल्व्हंटच्या टाकीच्या आत फ्लेमप्रूफसुद्धा पुरत नाही, तिथे आय-एसच लागतं. पण परमिटवर सही झाली की तीच टाकी चार तासांपुरती साधी खोली समजतात. ती समजूत टिकते का हे बघायला वायूचा मीटर सतत चालू ठेवावा लागतो. सकाळी एकदा बघून भागत नाही.

परदेशातही काही वेगळं नाही. टेक्सास सिटीला बीपीच्या रिफायनरीत २३ मार्च २००५ ला स्फोट होऊन १५ माणसं गेली, १८० जखमी झाली. मेलेले सगळे देखभालीच्या कामासाठी आणून ठेवलेल्या तात्पुरत्या ऑफिस-ट्रेलरांत किंवा त्यांच्या आसपास होते. सगळ्यात जवळचा ट्रेलर, जिथून पेट्रोलसारखा द्रव उसळला त्या टॉवरवजा चिमणीपासून ४० मीटरच्या आत. ट्रेलरमधल्यांचं काम शेजारच्या युनिटचं, आणि हे युनिट सुरू होतंय हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ठिणगी बहुधा इंजिन चालू ठेवून उभ्या असलेल्या एका डिझेल पिकअपची. ना ट्रेलर कायमचा, ना गाडी.

आणि मी? लिहायला लाज वाटते, पण नातेवाईकच वाचतात, तेव्हा लिहून टाकतो. २००९ च्या एका शटडाऊनमध्ये ठेकेदाराने रात्रीच्या कामाला हॅलोजनचा स्टँड आणला. साधा. वायरला मध्ये टेप गुंडाळलेला जोड. मी चार तासांचं परमिट सही केलं, आजूबाजूला वायू नाही हे तपासून. चौथ्या दिवशी सकाळी राउंडला गेलो तर स्टँड तिथेच, चालू, आणि शेजारच्या पंपाचं सील बदलायला दुसरी टोळी झाकण उघडून बसलेली. मी जाऊन आधी बोर्डाचा प्लग ओढला. मग खाली बसलो. काही झालं नाही. कुठेही नोंद नाही. अण्णा तेव्हा होते, पण त्यांना सांगायची हिंमत झाली नाही.

आता एलईडीचे, बॅटरीवरचे, दाखलावाले हँडलॅम्प मिळतात. हलके, वायर नाही, काच फुटायची भीती नाही. आमच्या स्टोअरमध्ये बारा आहेत. गेल्या महिन्यात मोजले, दोन चार्जिंगला, तीन बंद, एक सापडत नाही.

दिवा भंगारात दिलेला नाही. पुसून परत पिशवीत घातला, पावतीसकट. आईला सांगितलं राहू दे. ती काही बोलली नाही.

एक काम आहे. अण्णा त्या हेल्परच्या घरी काही वर्षं दिवाळीला जायचे, कळव्याच्या बाजूला कुठेतरी, हे मला अंधुक आठवतं. एकदा आत्याही बरोबर गेली होती. आत्या, तू हे वाचत असशील तर त्यांचं नाव आठवतंय का बघ. इथे लिहू नकोस, फोन कर.